पॉजचं बटण

वरात आमच्या गल्लीत शिरली आणि बँडने ती चाल धरली की मी उठून खिडकी लावून घेते. घरात सगळ्यांना हे माहीत झालंय. नवरा पेपरातून मान वर न काढता म्हणतो, "झालं सुरू." सून नवीन होती तेव्हा तिने एकदा विचारलं, "आई, एवढी गोड चाल आहे, तुम्हाला का आवडत नाही?" मी तिच्यावर अशी खेकसले की बिचारी दोन दिवस माझ्याशी जपून बोलत होती. तिची काय चूक? चाल गोड आहेच. गोड मी केली ती, आणि तिथेच सगळा घोळ आहे.

मी महाडात मुलींच्या शाळेत गाणं शिकवायचे. माझा राग शाळेत प्रसिद्ध होता. प्रार्थनेत एक मुलगी बेसूर झाली तर मी सगळी प्रार्थना पहिल्यापासून घ्यायला लावायचे. त्यात गणिताचा तास बुडायचा, म्हणून गणिताच्या बाई माझ्याशी कामापुरतंच बोलत. मला त्याचं काही वाटत नसे. सुराच्या बाबतीत आपलं चुकत नाही, अशी माझी पक्की समजूत होती. आता ती समजूत आठवली की स्वतःच्याच दोन थोबाडीत द्याव्याशा वाटतात.

शाळेचा शिपाई पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरावरच्या एका वाडीतला. वाडीत पंधरा-वीस घरं, गुरं, थोडी नाचणी-वरी. त्याचा थोरला भाऊ ट्रकवर ड्रायव्हर होता. नव्वद सालानंतरची चार-पाच वर्षं गेली असतील, कशेडीच्या घाटात तो ट्रक दरीत गेला. शाळेतून आम्ही तिघीजणी भेटायला निघालो. पोलादपूरपर्यंत एसटी, पुढे जीप, आणि जीप सोडली की तासाभराची चढण. बाकीच्या दोघी अर्ध्या वाटेवर दमल्या आणि माझ्या नावाने बोटं मोडायला लागल्या, कारण जायलाच हवं हा हट्ट माझा होता.

ओटीवर पुरुष बसले होते. आम्हाला आत नेलं. गेलेल्या माणसाचं कांबळं भिंतीशी घडी घालून ठेवलेलं आणि त्याच्यासमोर त्याची आई, म्हणजे आमच्या शिपायाचीही आई. सत्तरीची बारीक म्हातारी. दिवेलागण झाली तशी थोरल्या सुनेने, गेलेल्याच्या बायकोने, कांबळ्यापाशी दिवा आणून ठेवला. बायका सरकून बसल्या. म्हातारी म्हणायला लागली.

दावं खुंटीला राह्यलं, जीवा रे, गाय कोन सोडील

एवढं म्हणून ती थांबली. बऱ्याच वेळाने पुढची ओळ आली.

कांबळं वळणीला वाळलं, जीवा रे, अंगावं कोन घेईल

पुन्हा थांबली.

उंबऱ्यात तांब्या भरून ठेवला, जीवा रे, पाय कोन धुईल

गेलेल्याचं नाव घ्यायचं नाही. पुरुष असो की बाई, जीवाच म्हणायचं. माझ्या अंगावर काटा आला, आणि त्याच वेळी डोक्यात स्वरांची जुळवाजुळव सुरू झाली. हे सांगताना लाज वाटते, पण खोटं कशाला बोलू? समोर एक आई मेलेल्या पोराशी बोलतेय आणि मी बघतेय की ही गंधार लावते तो कोमल आहे की त्याच्याही खाली आहे. मधल्या थांबण्याकडे माझं लक्षच नव्हतं. मला वाटलं, म्हातारी आहे, रडून रडून थकलीय, दम खातेय.

परतताना शिपाई आम्हाला जीपपर्यंत सोडायला आला. त्याच्याकडून कळलं की हे मरणाचं गाणं फक्त तेराव्यापर्यंत म्हणायचं, दिवेलागणीला, रोज. तेरावा झाला की तोंड बंद. घरात सुतक नसताना ते म्हटलं तर मरणाला उंबरा दाखवल्यासारखं होतं. त्यामुळे ते मुद्दाम बसून कोणाला शिकवताही येत नाही. दुसऱ्याच्या घरी मयत झालं की बायकांनी जाऊन बसायचं आणि ऐकून ऐकून ते अंगात मुरायचं. "आता एकटी आयच ऱ्हायली म्हननारी," तो म्हणाला. "चुलती होती, ती गेली. बाकी बायका मुंबयला."

आता हे ऐकून एखाद्या शहाण्या बाईने हात जोडले असते आणि घर गाठलं असतं. मी बाराव्या दिवशी एकटीच टेपरेकॉर्डर घेऊन तो डोंगर परत चढले.

म्हातारीने मशीन बघितलं. बोटाने टोचून बघितलं. मी तिला सांगितलं, "आजी, तुमचा आवाज यात राहील. तुमच्या पाठीमागे हे गाणं नाहीसं होईल, ते वाचेल." मोठं वाक्य बोलले असं वाटून मी स्वतःवरच खूष झाले. तिला गाणं वाचवण्याशी काही देणंघेणं नव्हतं. तिची काळजी निराळी होती आणि फार साधी होती.

"माज्या टायमाला कोन म्हनंल गो?" तिने विचारलं. "मी सगल्यांना म्हटलं. सासूला म्हटलं, जावेला म्हटलं, आता पोटच्या पोराला म्हनत्येय. मी मेल्यावं कोन? मी काय मुक्यानंच जाऊ?"

थोरली सून चुलीपाशी होती, तिने नुसतं वळून बघितलं.

"ह्या डबड्यातनं माज्या टायमाला वाजंल ना?"

"वाजेल," मी म्हटलं. "मी स्वतः घेऊन येईन."

"मंग घे. पन सुतक नसलेल्या घरात वाजवायचं नाय. दिलास सबूद?"

"देवाशपथ," मी म्हटलं. गळ्याला हात लावून म्हटलं.

दिवेलागणीला ती बसली. माझ्याकडे कॅसेट एकच होती. तिच्या एका बाजूला शाळेतल्या मुलींची गौरीची गाणी भरलेली, दुसऱ्या बाजूला अर्धीच जागा शिल्लक. सेलही नवे नव्हते. म्हातारी ओळ म्हणून थांबली की मशीन फुकट फिरणार, टेप वाया जाणार. मग मी काय केलं? ओळ संपली की पॉजचं बटण दाबलं. ती पुढची ओळ म्हणायला श्वास घेतेय असं दिसलं की सोडलं. दाबलं, सोडलं, दाबलं, सोडलं. बटण दाबताना कटक असा आवाज व्हायचा आणि म्हातारी प्रत्येक वेळी मशीनकडे बघायची. ती बघतेय तर मला वाटलं, यंत्राचं कौतुक वाटत असेल. तिचं म्हणणं संपायला तास लागला. माझ्या टेपवर ते सहा-सात मिनिटांत बसलं. एवढीशी टेप लागली म्हणून उतरताना मी खूष होते. कपाळ माझं.

सुतकाचा शब्द मी आठवडाभरसुद्धा पाळला नाही. घरी येऊन स्वयंपाकघराचं दार लावलं आणि टेप ऐकत पेटीवर बसले. नवरा ऑफिसात, मुलगा शाळेत, मग कोणाला काय कळतंय? पेटीला मींड येत नाही, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही. म्हातारीचा गंधार दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठेतरी राहायचा. मी तो उचलून जवळच्या पट्टीवर बसवला. बसवल्यावर चाल एकदम ओळखीची वाटायला लागली, भावगीतासारखी. मला वाटलं, वा, काय सापडलंय. रेकॉर्डिंगमध्ये ओळीला ओळ लागून येत होती, त्यामुळे केरव्याचा ठेका तर आपोआपच बसला.

बाजारपेठेतल्या एका बँकेत एक साहेब होते, व्हायोलिन फार छान वाजवायचे. त्यांच्याकडे गेले. व्हायोलिनवर तो मधला स्वर निघतो. त्यांनी टेप दोनदा ऐकली, डोळे मिटून वाजवून बघितली, आणि गज खाली ठेवून म्हणाले, "बाई, ही दोन ओळींच्या मध्ये थांबत असणार. इथे श्वासालासुद्धा जागा नाही. असं कोण गाईल?"

मी म्हटलं, "टेप आहे ना समोर. थांबलीय का कुठे?"

ते म्हणाले, "नाही खरं."

"मग?"

त्यावर त्यांनी व्हायोलिन केसमध्ये ठेवून दिलं. भला माणूस होता. मी माझ्याच कापलेल्या टेपचा पुरावा देऊन त्याला गप्प केलं आणि घरी येताना मनात म्हटलं, आला मोठा मला शिकवणारा.

तिसरं वाद्य क्लॅरिनेट. महाडातल्या एका बँडचा मास्तर वाजवायचा. वाचून वाजवता यायचं नाही, पण एकदा ऐकलं की जन्माचं लक्षात. त्याला मी टेप दिली नाही, पेटीवर वाजवून दाखवलं. स्नेहसंमेलनात आठ मुली पेटीवर, साहेब व्हायोलिनवर, मास्तर क्लॅरिनेटवर आणि तबल्याला दहावीतली एक मुलगी. शब्द घेतले नाहीत. शब्द नाहीत म्हणजे गाणं नाही, गाणं नाही म्हणजे शपथ मोडली नाही, असा वकिली हिशोब मी केला होता. स्टेजवरून नाव सांगितलं, "डोंगरची धून". शिपाई त्या दिवशी गेटवर ड्यूटीला होता. त्याला ऐकू गेलं नाही याचं मला तेव्हा बरं वाटलं, यावरूनच समजा माझ्या मनात काय चाललं होतं ते.

टाळ्या थांबेनात. गावच्या साप्ताहिकात माझं नाव आलं. ते कात्रण मी पर्समध्ये घालून फिरायचे. संस्थेचे अध्यक्ष म्हणाले, "बाई, काय गोड चाल आहे. पुढच्या महिन्यात पाहुणे येताहेत, त्यांच्या स्वागताला हीच ठेवा. जरा जलद घ्या." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "ही स्वागताची चाल नाही." ते म्हणाले, "मग कसली आहे?" आता सांगायला पाहिजे होतं. मयताची आहे, शपथ घेऊन आणलीय आणि शपथ मोडून वाजवलीय. तोंड उघडलं आणि निघालं काय, तर, "लोकसंगीत आहे." मग लोकसंगीताने स्वागत करायला काय हरकत? पाहुण्यांच्या गळ्यात हार पडले ते म्हातारीच्या पोराच्या मयताच्या चालीवर, आणि पेटीवर मीच बसले होते.

तिथून ती चाल माझ्या हातात राहिली नाही. क्लॅरिनेटवाल्या मास्तरने ती लग्नात वाजवायला सुरुवात केली. नवरी निघते त्या वेळेला. बायका रडायच्या, मास्तरला बक्षीस मिळायचं. त्याचं ऐकून दुसऱ्या बँडने उचलली. दोन वर्षांत बेंजोवाल्यांकडे गेली आणि बेंजोवर गेली म्हणजे काय, चौपट वेगाने गेली. गणपतीत पोरं तिच्यावर नाचायला लागली. वीर स्टेशनावरून येताना एकदा रिक्षावाला तोंडाने तीच शीळ घालत होता. मी त्याला म्हटलं, "बंद कर." तो म्हणाला, "काय झालं काकू?" मी रिक्षातून मध्येच उतरले आणि महाडापर्यंत उन्हात चालत आले. कोणावर रागावले होते कोण जाणे. रिक्षावाल्यावर तर नक्कीच नाही.

सात-आठ वर्षं गेली. शिपाई एक दिवस पत्रिका घेऊन आला. त्याच्या पुतणीचं, म्हणजे गेलेल्या भावाच्या मुलीचं लग्न. "बाई, तुमी यायलाच पायजे. आय रोज इचारते, मास्तरीणबाय कशी हाय." आता वाडीच्या निम्म्या वाटेपर्यंत कच्चा रस्ता झाला होता. तिथून वाजतगाजत नवऱ्या मुलाला वर आणणार होते. मी म्हातारीपाशी दारात उभी होते. ती पार वाकली होती, पण नातीच्या लग्नाचं नवं लुगडं नेसून ताठ व्हायला बघत होती. थोरली सून ओवाळायचं ताट घेऊन उभी. खालून बँड दिसायच्या आधी ऐकू आला.

पहिल्या दोन सुरांतच मला कळलं. मी म्हातारीकडे बघितलं नाही. माझी हिंमतच झाली नाही. मी थोरल्या सुनेकडे बघितलं. तिच्या हातातलं ताट हललं आणि निरांजन विझलं. तिने ते परत लावलं, नवऱ्या मुलाला ओवाळलं, तुकडा ओवाळून टाकला, सगळं रीतीने केलं. नवऱ्याच्या मरणाचं गाणं वाजत असताना त्या बाईने जावयाच्या कपाळाला कुंकू लावलं. चेहऱ्यावरची रेघ हलू दिली नाही.

जेवणं झाल्यावर म्हातारी मला गोठ्यात घेऊन गेली. तिथे कोणी नव्हतं, दोन म्हशी आणि आम्ही.

"ह्ये माज्या लेकाचं हाय," ती म्हणाली.

मी मान हलवली.

"तू दिलंस त्यांना?"

"हो."

मला वाटलं, आता शिव्या देईल. द्याव्यात असंच वाटत होतं. शिव्यांना निदान काही उत्तर देता आलं असतं, पाया तरी पडता आलं असतं. ती म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली आणि तिचा आवाज कापायला लागला. रडण्याने नव्हे. संतापाने.

"चाल गेली तर जाऊ दे. वारं हाय ते, जायचंच. पन त्याला बोलू नाय दिलं गो तुज्या बँडवाल्यांनी. एक इचारलं की लगीच दुसरं, दुसरं झालं की तिसरं. त्यानं कवा बोलायचं?"

मला समजेना. मी म्हटलं, "कोणी?"

"ज्याला इचारत्येय त्यानं. गाय कोन सोडील, म्हनून इचारायचं आन् थांबायचं. तो काय म्हनतो त्ये ऐकायला नको? मी काय दम खात व्हते? मी वाट बघत व्हते."

दावं खुंटीला राह्यलं, गाय कोन सोडील. अंगावं कोन घेईल. पाय कोन धुईल. सगळे प्रश्न होते. पहिलीपासून शेवटपर्यंत एकूणएक ओळ प्रश्न होती. प्रश्न विचारला की थांबायचं असतं हे पाचवीतल्या मुलीला कळतं, आणि मी, वर्गात प्रश्न विचारून उत्तर दिलं नाही तर बाकावर उभं करणारी बाई, मला ते इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं.

तिला वाटत होतं की बँडवाल्यांनी थांबे खाल्ले. टेपवर ते असतील, तिच्या टायमाला टेप नीट वाजेल, असं ती धरून चालली होती. निघताना म्हणालीसुद्धा, "डबडं जपून ठेव हां बाय. त्यात तरी बरोबर हाय." मी तिला सांगितलं नाही. गोठ्यात, त्या वेळी, एक वाक्य सांगायचं होतं. मी मूग गिळून खाली उतरले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बँडमास्तरच्या दुकानात गेले आणि त्याला फैलावर घेतलं. तो कोटाची बटणं शिवत बसला होता. मी म्हटलं, "ती चाल बंद करा. ती मयताची आहे." तो म्हणाला, "बाई, तुम्हीच शिकवलीत ना?" मी म्हटलं, "मग निदान प्रत्येक ओळीनंतर थांबा तरी." त्याने सुई खाली ठेवली. "बँड मध्येच थांबला तर लोक म्हणतील वाजवणारा चुकला. आणि पेटीवर दाखवलंत तेव्हा तुम्ही कुठे थांबला होतात?"

मी त्याच्यावर आणखी आवाज चढवला. दुकानाबाहेर चार माणसं जमली. घरी येऊन टेप लावली. कटक, ओळ, कटक, ओळ, कटक, ओळ. इतकी वर्षं तो कटक मला ऐकू येत होता आणि मी त्याला टेपची खरखर समजत होते. प्रत्येक कटकमध्ये म्हातारीचं पोर गप्प केलेलं होतं.

परत टेप करायची म्हटलं तर कशी करणार? सुतकाशिवाय ती तोंड उघडणार नाही. म्हणजे त्या घरात कोणीतरी मरायला हवं. असा विचार एकदा माझ्या मनात येऊन गेला आणि त्या दिवशी मी जेवले नाही. पुढे शिपायाकडून कळलं की शेजारच्या वाडीत एक मयत झालं, म्हातारी तिकडे जाऊन बसली, तिने पहिली ओळ म्हटली आणि मुंबईहून आलेली पोरं हसली. ही तर वरातीची चाल, म्हणाली. म्हातारी उठून घरी आली. त्यानंतर तिने कोणासाठीच म्हटलं नाही.

नवीन शतकाची पाच-सहा वर्षं झाली असतील, भातं कापून झाली होती. शिपाई रिटायर झालेला. तो सकाळी माझ्या दारात उभा राहिला. "बाई, आय गेली. तुमचं मशीन घेऊन या."

मी गेले. वाट चढताना तीनदा वाटलं की मशीन दरीत टाकावं आणि सांगावं, बिघडलं. पोचले तोवर माणसं नदीवरून परत आली होती. आत भिंतीशी तिचं लुगडं घडी करून ठेवलेलं. बायका बसल्या होत्या, काही मुंबईहून आलेल्या, काही वाडीतल्या. म्हणणारी कोणी नव्हती. थोरल्या सुनेने दिवा ठेवला आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, म्हणजे माझ्या मांडीवरच्या मशीनकडे.

तेव्हा मी बोलले. एवढ्या बायकांसमोर बोलले. "यात थांबे नाहीत. तिने ठेवले होते. टेप वाचावी म्हणून मी कापले. बँडवाल्यांनी नाही, मी."

मला वाटत होतं, कोणीतरी मला बाहेर काढावं. थोरली सून उठली, माझ्यासमोर येऊन बसली आणि मशीन तिने आपल्याकडे ओढून घेतलं. नवऱ्याच्या वेळी ती तेरा दिवस चुलीपाशी बसून ऐकत होती, हे मी विसरले होते. तिच्या डोळ्यांत माझ्याबद्दल काय होतं ते मी सांगत नाही.

"थांबवायचं बटन कंचं?"

मी दाखवलं.

तिने टेप सुरू केली. म्हातारीचा आवाज खोलीत आला, दहा-बारा वर्षांपूर्वीचा, ठणठणीत. दावं खुंटीला राह्यलं, जीवा रे, गाय कोन सोडील. सुनेने पॉज दाबला. कटक. सगळ्या बायका गप्प. मी सवयीने मनात मात्रा मोजायला लागले. आठ झाल्या, सोळा झाल्या, बत्तीस झाल्या, पुढे माझं मोजणं विस्कटलं. बाहेर गुराच्या गळ्यातली घंटा वाजली. सुनेचं बोट बटणावर तसंच होतं. मग तिने सोडलं. कांबळं वळणीला वाळलं. परत दाबलं. ज्या बटणाने मी ते थांबे खाल्ले होते त्याच बटणाने ती एकेक थांबा परत घालत होती, आणि कुठलेही दोन थांबे सारखे नव्हते. कधी लगेच सोडायची, कधी एवढा वेळ दाबून धरायची की मला वाटायचं आता ही सोडणारच नाही. म्हातारी स्वतःलाच विचारत होती आणि स्वतःच गप्प होती. तास लागला. बरोबर पूर्वीएवढाच.

संपल्यावर मी मशीन उचलायला हात पुढे केला. तिने ते मागे सरकवलं. "आता तेराव्यापत्तूर ह्ये हितंच ऱ्हाईल. मंगसुद्धा हितंच ऱ्हाईल."

मी म्हटलं, "राहू दे." मग राहवलं नाही म्हणून विचारलं, कारण मरेपर्यंत मी मास्तरीणच राहणार, "किती थांबायचं हे तुला कसं कळतं?"

ती दिव्याची वात सारखी करत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "ऐकायचं. जबाब येत नाय असं पक्कं झालं की मंगच फुडलं इचारायचं."